वाचले, पण कळले का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला आज चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तुमच्यात दोघी-तिघी शिक्षिका आहेत. त्यांच्यापुढे मुलांच्या वाचनाबद्दल मी काय बोलणार? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "शाळेतले त्या सांगतील, तुम्ही घरातले सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

सात वर्षांमागची गोष्ट. माझी थोरली तेव्हा तिसरीत होती. पुस्तक हाती दिले की घडाघडा वाचायची, कुठे अडखळणे नाही. आल्यागेल्यापुढे मी तिला वाचायला लावायची आणि मनातून फुगायची. एके दिवशी धाकट्याला जुलाब सुरू झाले. दोन वर्षांचे पोर, दुपारपर्यंत अगदी मलूल झाले. घरात ओआरएसचे पाकीट होते. त्याला मांडीवर घेऊन मी थोरलीला म्हटले, "पाकिटावरचे मोठ्याने वाच आणि तसे पाणी करून आण." तिने एका दमात सगळे वाचले. मग आत गेली आणि अख्खे पाकीट एका पेल्यात ढवळून घेऊन आली. मी चमच्याने पाजणार, एवढ्यात आशाताई दारात आल्या. "थांबा काकू! हे पाकीट लिटरभर पाण्याचे आहे. पेलाभर पाण्यात केले तर मीठ फार होईल, लेकराला बाधेल."

'एक लिटर' हे शब्द तिने वाचले होते आणि मी ऐकले होते. पण ते दोघींच्याही डोक्यात शिरले नव्हते! धाकटा पुढे बरा झाला. त्या वेळी मात्र मी थोरलीवर फार ओरडले. रात्री वाटले, चूक तिची कुठे? भरभर वाचण्याचे कौतुक मीच केले. 'म्हणजे काय ग?' असे तिला एकदाही विचारले नाही.

तेव्हापासून मी लक्ष देऊ लागले. मला दिसले ते असे, की गोष्ट वाचताना मुलांना 'पुढे काय झाले?' ही ओढ असते. माहितीच्या धड्यात तशी ओढ नसते. तिथे राजा नाही, राक्षस नाही. म्हणून डोळे ओळींवरून धावतात आणि मन खेळायला जाते. तर ती ओढ आपणच लावून द्यावी लागते. वाचण्याआधी मुलाच्या हाती एक प्रश्न द्यावा.

एक उदाहरण सांगते. थोरलीला बी रुजण्यावरचा मजकूर वाचायचा होता. मी म्हटले, "थांब. बीमधून आधी काय बाहेर येते, कोंब की मूळ? तुला काय वाटते?" ती म्हणाली, "कोंब." मी म्हटले, "मलाही तसेच वाटते. आता वाचून बघ, आपण दोघी बरोबर की चूक." मग तिने प्रथमच सावकाश वाचले. आधी मूळ येते असे निघाले. तिला ते खरे वाटेना. आम्ही मटकी भिजवून फडक्यात बांधली. दुसऱ्या दिवशी पांढरे टोक दिसले. त्यातले थोडे दाणे ओल्या मातीत ठेवले, तर ते टोक वळून खाली गेले आणि हिरवे पान नंतर वर आले. भगिनींनो, आपण ज्याला मटकीचा मोड म्हणतो ते तिचे मूळ! इतकी वर्षे उसळ रांधली, पण हे मला मुलीच्या पुस्तकाने सांगितले.

माझी रीत अगदी साधी आहे. आधी चित्र आणि मथळा पाहायचा, आत काय असेल ते बोलायचे. मग चार-पाच ओळीच वाचायच्या. पुस्तक पालथे घालून त्या आपल्या शब्दांत सांगायच्या. सांगता आले नाही तर रागवायचे नाही, मागे जाऊन पुन्हा वाचायचे. माहितीच्या वाचनात मागे जाण्यात कमीपणा नाही, हे मुलांना कळले पाहिजे. अडलेला शब्द घरातल्या वस्तूशी जोडायचा. 'बाष्पीभवन' आले की दोरीवरची साडी दाखवायची.

प्रश्नही असा विचारावा, की ओळ उचलून उत्तर देता येऊ नये. त्या पाकिटाचे पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर टाकून द्यावे. मी धाकट्याला विचारले, "आज सकाळी आठ वाजता केलेले पाणी उद्या दुपारी चालेल का?" बोटे मोजून तो म्हणाला, "नाही." तेव्हा मला कळले, की आता याला समजले.

यासाठी महागडी पुस्तके लागत नाहीत. दिनदर्शिका, बियाण्याचे पाकीट, एसटीचे वेळापत्रक, औषधाची चिठ्ठी, हे सारे वाचनच आहे. मोठ्या मुलाला विजेचे बिल द्यावे आणि मागचे रीडिंग व चालू रीडिंग यांवरून युनिट काढायला सांगावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा खडे, पाने, शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंनीच मुलांना शिकवले. ते तर आपल्याही अंगणात आहे.

कुणी म्हणेल, आम्हाला उत्तर येत नसेल तर? मलाही येत नाही. "मला ठाऊक नाही, चल दोघे शोधू," असे म्हटले की मुलाला उलट हुरूप येतो. सातवी शिकलेल्या आईला 'म्हणजे काय?' एवढे तर विचारता येते. जिला अक्षरओळख नाही तिलाही ते विचारता येते.

माझी एक विनंती आहे. दर शनिवारी संध्याकाळी तासभर मंडळाची खोली मुलांसाठी उघडावी. प्रत्येकीने घरातला एखादा छापील कागद आणावा आणि मुलांकडून तो समजून घ्यावा. चहाचे माझ्याकडे लागले.