स्टेटस, दलाली आणि आपली नोकरी

(शाखेच्या अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही जण हसले. घरे-जागा विकणारा एजंट आपल्या मोबाईलवर काय टाकतो याच्याशी युनियनचा काय संबंध, असे एकाने मघाशी चहा घेताना मला विचारले. संबंध आहे. ज्यांच्या घरात कोणी हा धंदा करतो त्यांनी हात वर करा, असे मात्र मी सांगणार नाही. त्या वर केलेल्या हाताचा नोकरीशी संबंध पोहोचतो. त्याकडे मी शेवटी येईन.

आपल्या कॉलन्यांत काय चालले आहे ते आपण सगळे पाहतो. मुलगा पदवी घेऊन बसलेला असतो, भरतीच्या जाहिरातीची वाट बघत वय निघून जाते. दुकान टाकायला भांडवल नाही. एजंटगिरीला लागतो एक फोन, एक दुचाकी आणि चार ओळखी. ओळखी बापाच्या असतात. कुठे पोस्टमनची पत्नी हा धंदा करते, कारण घरातल्या माणसाला गल्लीन् गल्ली पाठ असते. कुठे निवृत्त सहकारी पेन्शनला जोड म्हणून करतो. त्यात कमीपणा काही नाही. दलाल हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण घामाची दलाली असते तशी हरामाचीही असते, आणि दोन्हींत फरक करता आला पाहिजे.

आणि गिऱ्हाईक कोण? तेही आपणच. साठाव्या वर्षी सेवानिवृत्ती होते, मुदतीत क्वार्टर सोडायचे असते. पी.एफ., ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, शिल्लक रजेचे पैसे असे सगळे एकदम बँकेत येते. एवढी रक्कम आपल्या आयुष्यात एकदाच येते, आणि त्यातली बरीचशी एका एजंटच्या शब्दावर घरात घातली जाते. म्हणून या धंद्यात विश्वास हाच माल आहे. विटा-सिमेंट बिल्डरचे असते.

मी नोकरीला लागलो तेव्हा एजंट कॉलनीच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर बसायचा. त्याची पारख तिथेच व्हायची. तो कोणाबरोबर उठतो-बसतो, संध्याकाळी कुठल्या गुत्त्यातून बाहेर पडतो, भांडणात तोंड कसे वापरतो, हे बायाबापड्यांनाही माहीत असायचे. जो मटक्याच्या अड्ड्यावर दिसला त्याच्या हातात कोणी इसाराची रक्कम ठेवत नसे. आता टपरी राहिली, पण पारख फोनवर होते. गिऱ्हाईक नंबर मिळाला की आधी फोटो बघते, स्टेटस बघते, मग फेसबुकवर नाव शोधते. एजंटला वाटते हे आपले खाजगी खाते, इथे मी मित्रांत आहे. गिऱ्हाइकाला ती दुकानाची पाटी वाटते. एकाच फोनवर मित्र, मावशी, बिल्डर आणि घर शोधणारा माणूस असे सगळे असतात, हे मुलांच्या ध्यानात राहत नाही.

एका क्रू लॉबीतल्या सहकाऱ्याच्या मुलाचे सांगतो. मुलगा कष्टाळू, बोलायला गोड. निवडणुकीच्या दिवसांत त्याने कॉलनीच्या ग्रुपवर एका समाजाबद्दल घाणेरडा मजकूर पुढे ढकलला. स्वतः लिहिलेला नव्हता, आलेला होता, तसाच पाठवला. आता आपली कॉलनी म्हणजे काय? एका जिन्यात तेलुगू, बिहारी, मराठी, मुसलमान, ख्रिस्ती. ग्रुपवर कोणी वाद घातला नाही. दोन महिन्यांनी बाप मला म्हणाला, पोराचा धंदा बसला, कारण कळत नाही. मी ज्या दोघा-तिघांना विचारले त्यांनी एकच सांगितले, की आम्ही दुसरीकडून घर घेतले. बंधूंनो, या नुकसानीचा आवाज होत नाही. ‘तुझे स्टेटस बघून मी तुझ्याकडे आलो नाही’ असे सांगायला कोणी येत नाही. दुकानात माल महाग असेल तर गिऱ्हाईक निदान घासाघीस करते, इथे ते जिना चढतच नाही. आणि स्टेटस चोवीस तासांनी जाते म्हणून निर्धास्त राहू नका. कोणीतरी त्याचा फोटो काढून ठेवलेला असतो.

दुसरी सवय थाटमाटाची. सौदा झाला की नव्या गाडीसमोरचा फोटो, हॉटेलातल्या ताटाचा फोटो. त्या आठवड्यात ज्याने दलाली दिली तो ट्रॅकमन तो फोटो बघतो आणि मनात हिशोब करतो. खरेदीवर शेकडा एक-दोन टक्के दलाली दिलेली असते. चाळीस लाखांच्या घराला दोन टक्के म्हणजे ऐंशी हजार. उन्हापावसात रुळावर चालून मिळवलेले ते पैसे असतात. एजंटने ते कष्टाने मिळवले असतील, तरी फोटो बघून देणाऱ्याला आपण लुबाडले गेलो असेच वाटते, आणि तो पुढच्या माणसाला त्याचे नाव सांगत नाही. हा धंदा तर एकाने दुसऱ्याला नाव सांगण्यावरच चालतो.

त्याहून वाईट सवय चावी देतानाच्या फोटोची. निवृत्त जोडपे हसत उभे, हातात चावी, खाली नाव, गाव, इमारत. न विचारता टाकतात. एका निवृत्त गार्डच्या (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आपल्या तोंडी गार्डच) घरी असा फोटो फिरल्यावर आठवड्यात तीन नातेवाईक उसने मागायला आले. अनोळखी माणसांचे फोन सुरू झाले ते वेगळेच. फोटो काढण्याआधी ‘काका, टाकू का?’ एवढे विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि एक बारीक गोष्ट. रात्री एक वाजेपर्यंत ऑनलाइन दिसायचे, पण दुपारी गिऱ्हाइकाच्या निरोपाला उत्तर नाही. गिऱ्हाईक ते बघत असते. साईट दाखवायला नेले की म्हातारा माणूस भिंतीची ओल बघतोय आणि एजंट खाली मान घालून अंगठा सरकवतोय. काही बोलायला नको, तिथेच मन उठते.

आता ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’. हे वाचून आपल्या खात्यातला माणूस हसतो, कारण स्टेशन आपल्याला कोणी शिकवायला नको. पाच मिनिटे कोणाची? रिकाम्या रस्त्यावर पहाटे तीनला मोटारने जाणाऱ्याची. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन चालणाऱ्या बाईला वीस मिनिटे लागतात, पावसाळ्यात अर्धा तास. कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात एक भगिनी हा धंदा करतात. त्यांची सवय मला आवडली. जुलैत जोराचा पाऊस झाला की त्या इमारतीखाली उभ्या राहून फोटो काढतात, पाणी साचले तर साचलेले दाखवतात. ‘लिफ्ट नाही, चौथा मजला, गुडघे दुखत असतील तर येऊ नका’ असे लिहितात. स्टेशनचे अंतर स्वतः चालून घड्याळ लावून सांगतात. बाकी त्यांच्या खात्यावर नातवाचा वाढदिवस आणि तुळशीचा फोटो असतो, तोही लोकांना आवडतो. माणसाने यंत्रासारखे राहावे असे माझे म्हणणे नाही. घरचे फोटो बघून ओळख वाढतेच.

हे आपल्या दूरच्या बंधूंसाठी जास्त महत्त्वाचे आहे. इटारसी, सिकंदराबाद, हुबळीकडे नोकरी करणारा मराठी माणूस निवृत्तीनंतर गावाकडे यायचे म्हणून नाशिकला किंवा पुण्याला घर बघतो. रजा मिळत नाही, मग सगळा व्यवहार फोनवर. त्याला एजंटचे तोंड दिसते ते त्या पडद्यावरच. चहाच्या टपरीवर चौकशी करायची सोय त्याला नाही.

कायद्याचेही थोडे सांगतो. स्थावर संपदा कायदा २०१६ चा आहे, ज्याला सगळे रेरा म्हणतात. महाराष्ट्राचे प्राधिकरण २०१७ साली स्थापन झाले, इतर राज्यांची आपापली आहेत. नोंदणी झालेल्या प्रकल्पातले घर विकायला मध्यस्थी करायची तर एजंटचीही नोंदणी लागते, मग तो पूर्णवेळ असो की संध्याकाळपुरता. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली घरे विकायला त्याने मदत करायची नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. या कायद्यात जाहिरात म्हणजे फक्त वर्तमानपत्रातली चौकट नव्हे, कुठल्याही माध्यमातून कुठल्याही स्वरूपात केलेली प्रसिद्धी त्यात येते. म्हणजे आपल्या चिरंजीवांनी स्टेटसवर टाकलेला इमारतीचा फोटो आणि खाली भाव, ही जाहिरात झाली. ‘मी सहज टाकले’ हे उत्तर चालणारे नाही. महाराष्ट्रात प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. एजंटने नियम मोडला तर दिवसाला दहा हजार रुपये दंड आहे, आणि तो साचत साचत त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. मघाच्या चाळीस लाखांच्या घराचे पाच टक्के दोन लाख होतात, आणि दलाली होती ऐंशी हजार. हिशोब तुम्हीच करा. घेणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवा, करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही. स्टेटसवर ‘आजच बुक करा, उद्या भाव वाढणार’ असे वाचून पैसे पाठवू नका.

आता तो हात वर करण्याचा मुद्दा. रेल्वे सेवा आचरण नियम १९६६ आणि टपाल खात्याला लागू असलेले केंद्रीय आचरण नियम १९६४, दोन्हींत पंधरावा नियम खाजगी धंद्याचा आहे. नोकरीत असताना पूर्वपरवानगीशिवाय स्वतः धंदा करता येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढचे ठाऊक नसते. कुटुंबातील व्यक्तीच्या विमा एजन्सीचा, दलाली एजन्सीचा प्रचार करणे हाही त्या नियमाचा भंग आहे. मुलाने पाठवलेली घराची जाहिरात बापाने कौतुकाने आपल्या स्टेटसवर लावली, डेपोच्या ग्रुपवर टाकली, खाली ‘माझ्या मुलाला संपर्क करा’ लिहिले, की प्रचार झाला. एखाद्या नाराज माणसाने ते वर पाठवले तर एस.एफ. ११ किंवा एस.एफ. ५ घेऊन तुम्ही आमच्याकडे येणार. आम्ही लढू, ते आमचे काम आहे. पण स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या पुराव्याविरुद्ध बचाव सहाय्यक किती बोलणार?

त्यात काही मुले आणखी पुढे जातात. ‘इथे नवे स्टेशन होणार, पक्की माहिती, वडील रेल्वेत आहेत.’ हे तर फार धोक्याचे. माहिती खरी असेल तर कार्यालयीन माहिती बाहेर दिल्याचा आरोप बापावर. खोटी असेल तर गिऱ्हाइकाची फसवणूक आणि मुलाच्या धंद्याला कायमचा डाग. सर्वेक्षण झाले म्हणजे मंजुरी नाही आणि मंजुरी झाली म्हणजे रूळ पडले नाहीत, हे आपल्याइतके कोणाला माहीत? आपल्या खात्याच्या नावाला लोकांत जी किंमत आहे ती जागेच्या भावात विकू देऊ नका. वर्दीतला बापाचा फोटो, पासवरचा बिल्ला, ‘रेल्वेवाल्यांचा विश्वासू एजंट’ असली पाटी, हे सगळे खात्यावरून आजच काढायला सांगा.

निवृत्त बंधूंना आचरण नियमांची ही अडचण नाही, त्यांना फक्त रेराची नोंदणी लागेल. ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी आपल्या शाखेत विचारावे.

कुटुंबातील कोणी धंदा किंवा एजन्सी चालवत असेल तर तसे प्रशासनाला कळवणे हाही त्याच पंधराव्या नियमाचा भाग आहे. बरेच जण घाबरून कळवत नाहीत. कळवल्याने मुलाचा धंदा बंद होत नाही, उलट उद्या कोणी तक्रार केली तर तुमच्याकडे पोचपावती असते. अर्जाचा नमुना मराठीत आणि इंग्रजीत टाईप करून बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. दोन प्रती भरा, एकीवर आवक शिक्का मारून घ्या आणि ती घरी फाइलला लावा. टपालच्या बंधूंसाठी वेगळा नमुना निळ्या फोल्डरमध्ये आहे. प्रश्न असतील तर आता विचारा, जेवणाला अजून वीस मिनिटे आहेत.