मनगटावरील घड्याळाची वही
(सोनारी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



पुण्या-मुंबईस नोकरीस असलेली मुले हल्ली आईवडिलांच्या मनगटावर एक घड्याळ बांधून जातात. ते पावले व नाडी मोजते, झोपेचाही अदमास सांगते. रात्री दहा हजार पावले भरली नाहीत, की मुलगा फोनवरून वडिलांस रागे भरतो. आणि जन्मभर शेतात राबलेला माणूस आपण आळशी ठरलो म्हणून खंतावतो. ही खंत बहुतांशी निराधार आहे, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

दहा हजार हा आकडा कोणा वैद्याने शोधलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानात पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचा मापक' असा होता. आकडा गोल, म्हणून रुजला. 2019 साली अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वृद्ध स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत सुमारे साडेसात हजार पावलांपुढे मृत्युमानात विशेष घट दिसली नाही.

शिवाय हे यंत्र पाय पाहत नाही, हाताचा हेलकावा पाहते. डोक्यावरील भारा हाताने सावरीत येणाऱ्या भगिनीची कित्येक पावले त्यास दिसतच नाहीत. उलट खडबडीत रस्त्यावर वाहनाच्या हादऱ्यांनी बसल्या जागी काही पावले जमा होऊ शकतात! नाडीसाठी ते कातडीवर हिरवा प्रकाश टाकते. मनगटावर गर्द गोंदण असेल तर तेथेही ते फसते.

मग हे यंत्र टाकाऊ काय? मुळीच नाही. जे रोज सारखेच चुकते, त्याच्या आकड्यावर विश्वास नसला तरी आकड्यातील चढउतारावर बराचसा ठेवता येतो. विदाविज्ञान म्हणतात त्याचा आरंभ येथे होतो.

सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे येथे स्मरण होते. रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. निरोगी माणसाचा आहार व उष्मांकांचा खर्च रोज बदलतो, आठवड्याची सरासरीही स्थिर राहत नाही, आणि आजचा आकडा कालच्याशी निगडित असतो, असे त्यांनी एकेका माणसाच्या दिवसवार नोंदींवरून प्रतिपादिले; 1982 साली शेल्डन मार्गेन यांच्यासह ते प्रसिद्ध केले. त्यावरून दारिद्र्याविषयी त्यांनी काढलेल्या निष्कर्षांस प्रा. वि. म. दांडेकर यांनी कडाडून विरोध केला. त्या वादात आम्ही शिरत नाही. माणसाची तुलना शेजाऱ्याशी न करता त्याच्याच मागील दिवसांशी करावी, आणि एका दिवसावरून निवाडा करू नये, एवढे आम्ही त्यातून घेतो.

सरासरीही जपून वापरावी. समजा, एखादे गृहस्थ सहा दिवस रोज 4,000 पावले चालले आणि यात्रेच्या दिवशी 18,000. सरासरी 6,000 येते. पण तेवढे ते एकाही दिवशी चालले नाहीत. सातही आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घ्यावा. तो 4,000 आहे, आणि तोच त्यांचा खरा आठवडा.

आकड्यांशेजारी घरच्या माणसाने दोन शब्द लिहावेत: खुरपणी, उपवास, ताप, लग्नाची धावपळ. विश्रांतीच्या वेळची नाडी आठ-दहा दिवस नेहमीपेक्षा वर राहिली आणि शेजारी काहीच कारण लिहिलेले नसेल, तर ती वही डॉक्टरांस दाखवावी. मधुमेहाच्या गोळ्या मात्र घड्याळ पाहून कोणी कमी-अधिक करू नयेत.

ज्यांच्यापाशी असे घड्याळ आहे त्यांनी भोजनोत्तर मंडपात थांबावे. महिन्याची नोंद फोनवरून कागदावर कशी उतरवून घ्यावी, हे आपले तरुण दाखवितील. तोवर घड्याळे येथील वानरांपासून सांभाळावीत.