घरातील ध्वनिमुद्रण: आधी खोली, मग मायक्रोफोन

ऐरोलीसारख्या वसाहतीत एखादा होतकरू निवेदक दोन खोल्यांच्या घरात ध्वनिमुद्रणाची सोय करू म्हणतो, तेव्हा तो प्रथम मायक्रोफोनची किंमत विचारतो. प्रसंगी कर्जही काढतो. माझे म्हणणे असे की, त्याने आधी रिकाम्या खोलीत टाळी वाजवावी. मागून झणझणाट आला, तर महागडा मायक्रोफोन तोच अधिक स्पष्ट टिपेल!

विजापूरच्या गोलघुमटात पडसाद सुटे ऐकू येतात, कारण अंतर मोठे. लहान खोलीत ते मूळ आवाजातच मिसळतात. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री तेथे आणून मोजमाप केले आणि कोणती वस्तू किती आवाज शोषते याचा हिशेब बसवला. तेव्हा आपल्या गाद्या-रजयांना कमी लेखू नका. अंड्यांचे ट्रे मात्र जवळजवळ निरुपयोगी.

अवघड आहे तो खर्ज. समोरासमोरच्या भिंतींत 3 मीटर अंतर असेल, तर 57, 114, 171 हर्ट्झचे स्वर फुगतात; पुरुषी आवाज नेमका यात सापडतो. खोली चौरस असली की त्रास आणखी वाढतो. कोपऱ्यांत चार इंच जाडीचे, कापडाने मढवलेले रॉकवूलचे तक्ते भिंतीपासून थोडे सोडून उभे करावेत. 57 हर्ट्झ त्यानेही पुरता मावळत नाही.

आणि लोकलचा आवाज? तो गाद्यांनी अडत नाही. दाराखालची फट व खिडकीच्या कडा रबरी पट्टीने बुजवा; तरीही आला, तर शेवटची गाडी जाऊ द्या.