'गेले' आणि 'म्हणे'



सहा जानेवारी हा पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघाला. त्यानिमित्त पत्रकारितेतल्या नीतीवर चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. नीती म्हटलं की मला एक टेलिफोन आठवतो.

मी एका जिल्हा दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. मोबाइल यायचे होते. तालुक्याचा वार्ताहर ट्रंक कॉल लावून बातम्या सांगायचा आणि आम्ही कानावर रिसीव्हर दाबून त्या उतरवून घ्यायचो. त्या रात्री लाइन फार खरखरत होती. तो म्हणाला, "साहेब, गुरुजी गेले." गुरुजी म्हणजे अर्ध्या तालुक्याला बाराखडी गिरवायला लावलेले निवृत्त मुख्याध्यापक. मी हळहळलो. पुढचं काही ऐकू येईना, मग लाइनच तुटली. पंधरा मिनिटांत 'दुःखद निधन' असा मथळा पहिल्या पानावर बसला.

तिसऱ्या दिवशी गुरुजी छत्री टेकत कचेरीत हजर! ते गेले होते खरे, पण नाशिकला, लेकीकडे, कायमचे राहायला. गावानं त्यांना निरोप दिला, त्या समारंभाची बातमी वार्ताहर सांगत होता.

आता यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. संवादाचा अभ्यास करणारे सांगतात की बोलणारा, निरोप, मधला गोंगाट आणि ऐकणारा, एवढ्यांचा मिळून संवाद होतो. माझ्या मते त्यात आणखी एक गोष्ट लागते : ऐकणाऱ्याचा उलट प्रश्न. 'गेले म्हणजे कुठे?' एवढं विचारायला पुन्हा फोन लावावा लागला असता. मी तो लावला नाही, कारण पान सोडायची वेळ झाली होती. आणि खरं सांगायचं तर बातमी चांगली होती.

आम्ही खुलासा छापला. सातव्या पानावर, बाजारभावांच्या खाली. त्यावर गुरुजींचं पोस्टकार्ड आलं : "मेलो तो पहिल्या पानावर, जिवंत झालो तो सातव्यावर, हा कुठला हिशेब?" चुकीची दुरुस्ती तत्परतेनं आणि ठळकपणे द्यावी, असं प्रेस कौन्सिलची आचारसंहिताही सांगते. मला ते कलम त्या पोस्टकार्डावरूनच पाठ झालं.

ऐकीव ते खरं मानण्याच्या या रोगावर आपल्या भाषेत एक घरगुती औषध आहे. 'म्हणे' हा शब्द. 'पाटलांचा धाकटा म्हणे मुंबईला पळाला.' पाणवठ्यावर ही बातमी सांगणारी बाई त्या एका शब्दात केवढं कबूल करते पाहा : मी पाहिलेलं नाही, मी ऐकलं, तुम्ही तुमचं ठरवा. आम्ही वर्तमानपत्रवाले 'म्हणे'ला गावंढळ समजतो आणि त्याच्या जागी 'असे समजते' लिहितो. कोणाला समजते, कोणाकडून समजते, ते गुलदस्त्यात. 'म्हणे'त प्रामाणिकपणा आहे, 'समजते'त नुसता रुबाब.

कागदावर आलेल्या गोष्टीचं 'म्हणे' तर आपोआपच गळून पडतं. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. त्या सुमाराला कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा, चौथ्या शिवाजींचा, छळ होतोय अशी बोलवा होती. दिवाण माधवराव बर्वे यांना त्यात गुंतवणारी पत्रं या दोन वर्तमानपत्रांचे संपादक आगरकर-टिळक यांच्या हाती आली. दोघं ऐन पंचविशीतले, छत्रपतींच्या गादीबद्दल मनात कळकळ, आणि समोर साक्षात लेखी पुरावा. त्यांनी तो छापला. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. चार महिने सुनावले गेले, त्यांपैकी एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ऑक्टोबर १८८२ मध्ये ते सुटले, तेव्हा लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं.

शाळेत आपण त्यातलं तुरुंग आणि स्वागत एवढंच शिकतो. बनावट पत्रांपाशी आपण फारसे थांबत नाही. मला तिथंच थांबावंसं वाटतं. कारण महाराजांबद्दलची काळजी खोटी नव्हती. या दोघांच्या सुटकेनंतर सव्वा वर्षाच्या आतच, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात महाराजांची त्यांच्या देखरेखीवर असलेल्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात त्यांचा अंत झाला. वय अवघं वीस. म्हणजे दुखणं खरं होतं, कागद तेवढे खोटे होते. आणि खऱ्या दुखण्याची बाजू मांडताना खोटा कागद पुढे केला, की समोरच्याला फक्त कागदावर बोलायची सोय होते. टिळक-आगरकर खोटं बोलणारे नव्हते, हे सांगायला नको. पण ती पत्रं त्यांना आधीच पटलेलं सांगत होती. नावडत्या बातमीला आपण दहा प्रश्न विचारतो, आवडती मात्र तशीच घरात घेतो.

आता तर छापखानाही लागत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होते. त्यात 'म्हणे' नव्हतं. 'आली आहे', 'सावध राहा', 'सर्वांना पाठवा'. सगळी ठाम, नाहीतर आज्ञार्थी वाक्यं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं पुढे ढकललेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी बारीक अक्षरांतली खूण द्यायला सुरुवात केली. यंत्राला उशिरा सुचलेलं 'म्हणे'च ते. ती खूण वाचून कोणी थांबतं का, हे तुम्ही आपापल्या कुटुंबाच्या ग्रुपवर पाहतच असाल.

गुरुजींचं राहिलं. त्या प्रकारानंतर ते अकरा वर्षं जगले. दर दिवाळीला मला कार्ड यायचं, खाली सही, आणि सहीखाली कंसात 'हयात'. मग एका संध्याकाळी त्याच वार्ताहराचा फोन आला. लाइन आता स्वच्छ होती.

"साहेब, गुरुजी गेले."

मी विचारलं, "गेले म्हणजे कुठे?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणे नाही, साहेब. खांदा देऊन आत्ताच घरी आलोय."