वर्गात आधी कोणी शिकायचं?

शिक्षणशास्त्राची पदवी घेणाऱ्या स्नातकहो,

आजच्या यादीतल्या काही नावांपुढे यथावकाश धारणी, चिखलदरा, भामरागड, धडगाव, तलासरी अशी ठिकाणं लिहिली जातील. नेमणुकीचं पत्र हातात पडलं की घरचे लोक विचारतात, एसटी जाते का, राहायला खोली मिळेल का, मोबाइलला रेंज येते का. तिथली मुलं घरात कोणत्या भाषेत बोलतात, हे सहसा कोणी विचारत नाही. वर्षभराचं सगळं शिकवणं मात्र त्याच प्रश्नावर अडतं किंवा सुटतं.

धारणीच्या पाड्यांवर कोरकू बोलतात. भामरागडात माडिया आणि गोंडी, धडगावात पावरी आणि भिलोरी, तलासरीत वारली. २०११च्या जनगणनेनुसार भिली गटातल्या बोली बोलणारे देशात एक कोटीहून अधिक आहेत, गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आणि कोरकू बोलणारे सात लाखांच्या वर. यांतली एकही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. गोंडी द्राविड कुळातली. कोरकूचं नातं थेट संथाळी आणि मुंडारीशी. नागपूरच्या मुलाला उद्या संथाळी माध्यमाच्या शाळेत बसवलं तर त्याचं जे होईल, तेच कोरकू मुलाचं पहिलीच्या मराठी वर्गात होतं.

ते मूल गप्प बसतं. हजेरीपटावर ते रोज हजर असतं, वहीत फळ्यावरचं उतरवून काढतं, कधीकधी अक्षरही सुरेख असतं. दोन-तीन वर्षांनी त्याच्या नावापुढे ‘गती कमी’ असा शेरा पडतो आणि पुढची सगळी शाळा त्या शेऱ्याच्या सावलीत जाते. या शेऱ्याशी भांडणं हे नव्या शिक्षकाचं पहिलं काम आहे.

कोरकू मूल ‘माझा वही’ म्हणालं की वर्गात हशा होतो. पण मराठीत वही ती, पुस्तक ते आणि फळा तो का, याचं कारण मराठी माणसालाही सांगता येत नाही. त्याच्या कानावर ते पाळण्यापासून पडलेलं असतं, एवढंच. कोरकूत नामांची अशी तीन लिंगांत वाटणी नाही. तिथं सजीव की निर्जीव, हा भेद महत्त्वाचा. गोंडीत नामांचे दोनच वर्ग आहेत, एक पुल्लिंगी आणि दुसरा उरलेल्या सगळ्यांचा. म्हणजे ‘माझा वही’ या चुकीमागे निष्काळजीपणा नाही, एक वेगळं आणि पक्कं व्याकरण आहे. उलट कोरकूत एकवचन आणि अनेकवचनासोबत द्विवचनही असतं. संस्कृत शिकणाऱ्याला ते घोकावं लागतं आणि मराठीत तर ते उरलेलंच नाही. मेळघाटातलं सहा वर्षांचं पोर मात्र ते खेळता खेळता वापरतं. अशा पोराला भाषेची गती कमी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

दुसरा सापळा याहून फसवा आहे. तिसरी-चौथीपर्यंत मूल मैदानावर फाडफाड मराठी बोलायला लागतं. भांडतं, चिडवतं, दुकानातून साखर आणतं. शिक्षकाला वाटतं, भाषा आली. मग गणितात ‘प्रत्येकी किती उरले’ असा प्रश्न आला की तेच मूल थांबतं आणि दोष त्याच्या बुद्धीवर जातो. कॅनडातल्या जिम कमिन्स या अभ्यासकानं १९७९च्या सुमारास हा फरक नेमका मांडला. स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून त्यांना दिसलं की रोजच्या बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकाची भाषा पेलायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. घरच्या भाषेत वाचायला-विचार करायला शिकलेलं मूल ते कौशल्य दुसऱ्या भाषेत घेऊन जातं, असंही त्यांनी दाखवलं. ‘पोरगं घरी जे बोलतं तेच शाळेत शिकवणार असाल तर शाळेत कशाला पाठवू?’ असं विचारणाऱ्या आईबापांना द्यायचं उत्तर यातच आहे. त्यांची चिंता रास्त आहे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही त्या मुलाला यायलाच हव्यात, आणि त्यासाठीच सुरुवात कोरकूतून करायची.

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांत इंग्रजी न येणारी सुमारे १,८०० चिनी मुलं कसलीही जादा मदत न मिळता वर्गात बसत होती. पालक न्यायालयात गेले. शाळांचं म्हणणं होतं, आम्ही सगळ्यांना सारखीच पुस्तकं आणि सारखेच शिक्षक देतो. १९७४ साली ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं पालकांच्या बाजूनं निकाल दिला. मुलाला समजतच नाही अशा भाषेतलं तेच पुस्तक, तेच बाक आणि तेच शिक्षक याला समान वागणूक म्हणता येणार नाही, हे त्या निकालाचं सार.

भारतानं ही गोष्ट त्याआधीच राज्यघटनेत लिहून ठेवली होती. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद ३५०क आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्यासाठी राज्यानं झटावं, असं तो सांगतो. २००९चा शिक्षण हक्क कायदा शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा म्हणतो, २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच म्हणतं. मराठी माणसाला ३५०क समजावून सांगण्याची गरज पडू नये. बेळगावातल्या मराठी मुलांसाठी मराठी शाळा टिकाव्यात, म्हणून तो इतकी वर्षं तळमळीनं बोलतो आहे, आणि ती तळमळ खरी आहे. मग गडचिरोलीतल्या गोंड मुलासाठी तोच मराठी समाज तेवढ्याच पोटतिडकीनं का बोलत नाही? बेळगावात जो हक्क मागायचा, तो भामरागडात द्यायलाही हवा.

मराठी शिक्षणात याची वाट पूर्वीच कोणीतरी मळवून ठेवली आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करून परतल्या आणि १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून बिया, खडे, शिंपले आणि पानं मोजायला घेतली. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं तेव्हा बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. थोरली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळा कुरणात भरवली. तिला कुरणशाळाच म्हणत. या दोघींच्या कामाची दखल घेऊन ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली. पण बी.एड.च्या विद्यार्थ्यानं कोसबाडहून घ्यायचं ते दुसरंच काही. मूल येत नाही याचा अर्थ त्यांनी आपल्या शाळेत शोधला, मुलात नाही.

नर्मदेच्या काठच्या गावांत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनानं जीवनशाळा काढल्या. तिथले अनेक शिक्षक त्याच डोंगरांतले होते आणि मुलांच्या बोलीला वर्गात जागा होती. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आणि तिच्या मान्यतेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. गावानं शाळा काढायची आणि तिच्या मान्यतेसाठी कोर्टाची पायरी चढायची, हे मनाला लागतं. ओडिशानं हे काम सरकारी पातळीवर घेतलं. २००७च्या सुमारास तिथं संथाळी, साओरा, कुई अशा दहा आदिवासी भाषांतून पहिलीचे वर्ग सुरू झाले आणि पुढे भाषांची संख्या वाढत गेली. पुस्तकांतल्या गोष्टी, चित्रं, सण त्याच समाजांतले. मूल मातृभाषेत वाचायला लागतं, मग हळूहळू ओडिया येते, मग इंग्रजी.

महाराष्ट्रात सरकारी शाळेत असं पुस्तक हातात येईपर्यंत नव्या शिक्षकानं थांबायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात गावातल्या अंगणवाडीताईंकडे किंवा एखाद्या आजीकडे बसावं आणि शंभर-दीडशे शब्द, दहा-बारा सूचना लिहून घ्याव्यात. ये, बस, पाणी पी, दुखतंय का, पुन्हा सांग. उच्चार चुकला तर मुलं हसतील, हसू द्यावं. त्या वर्गात चुकत शिकणारा आणखी एक जण आहे, हे त्यांना कळतं. गटात बोलताना मुलांना त्यांच्या भाषेत बोलू द्यावं आणि उत्तर तेवढं मराठीत मागावं. गणिताचं उदाहरण आधी कोरकूत सांगायला वरच्या वर्गातल्या मुलीला बोलवावं. आजोबांकडून गोष्ट आणायला सांगावी, ती देवनागरीत लिहावी, तिचं चित्र काढून घ्यावं, आणि तो कागद वर्गात वाचनाला लावावा. मोहफुलं वेचण्याच्या दिवसांत हजेरी घटली तर नोटीस धाडण्याआधी मोहाखाली जाऊन बसावं, तिथं मोजणीचा पाठ आयताच मिळतो.

हे शहरात राहणाऱ्या स्नातकांनाही लागू आहे. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते, तरीही घरची भाषा कुठल्याच माध्यमात न बसणारी मुलं तिच्या वर्गांत येतात. पुण्यातल्या बांधकामांवर राबणाऱ्या कुटुंबांची मुलं इमारत पूर्ण झाली की गाव बदलतात. कोणत्या वर्गात किती घरभाषा आहेत, याची नोंद शिक्षकानं पहिल्या महिन्यात केली तर पुढचं नियोजन तरी खऱ्या माहितीवर उभं राहील.

काही गोष्टी मात्र एकट्या शिक्षकाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत आणि त्या या विद्यापीठाकडे मागाव्या लागतील. अध्यापनाच्या अभ्यासक्रमात गोंडी, कोरकू, भिली आणि वारलीचा सहा महिन्यांचा तरी वर्ग हवा. गोंड, कोरकू, भिल्ल घरांतल्या मुलामुलींना शिक्षक होण्यासाठी शिष्यवृत्त्या हव्यात. आदिवासी भागात नेमणूक होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला तिथल्या भाषेचं छापील साहित्य रुजू होण्याआधी मिळायला हवं. पुढच्या जूनमध्ये नवी तुकडी वर्गात बसेल, तेव्हा वेळापत्रकात तो भाषेचा तास असायला हवा.