मुलांची छत्री, खोळ आणि टोपी



जूनमध्ये शाळा उघडतात आणि पहिल्याच झडीत हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. त्यांपैकी काही मुले आजारी असतात, काही शेतावर असतात. परंतु काहींपाशी डोक्यावर घेण्यास मनाजोगते असे काहीच नसते. 'मनाजोगते' हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. घरात पोत्याची खोळ असते, पण ती घेऊन शाळेत यावयास मूल लाजते. आणि शेजारचा मुलगा रंगीत छत्री उघडतो, तेव्हा ती लाज दुणावते.

वडीलधाऱ्यांना हा निव्वळ हट्ट वाटतो. तथापि मुलांच्या आवडीनिवडीत पुष्कळदा अनुभवही असतो. महाबळेश्वराकडे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तेथील वाऱ्यापुढे छत्री उलटी होते, आणि ती सावरता सावरता मुलाचे पायवाटेकडे लक्ष राहत नाही. इरल्याची गोष्ट वेगळी. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दडपलेली पळसाची पाने, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकलेली आणि दोन्ही हात मोकळे! भातलावणीस वाकणाऱ्या माणसासाठीच ते घडलेले. दप्तर घेऊन चालणाऱ्या मुलासही ते सोयीचेच. (वर्गात ते ठेवावे कोठे, हा प्रश्न मात्र उरतोच.) आता इरली विरळ झाली आणि प्लास्टिक आले. ते हलके व स्वस्त खरे, पण आत घाम धरते, आणि टोपडे पुढे ओढले की बाजूने येणारी मोटार दिसत नाही.

उन्हाचे तसे नाही. चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तरी उन्हात छत्री घेणारा मुलगा थट्टेचा विषय होतो. तेथे टोपी किंवा पांढरा रुमाल मुले आनंदाने बांधतात. काळे व पांढरे फडके घटकाभर उन्हात ठेवून दोन्हींस हात लावावयास सांगितले, तर रंगाची निवड मुले स्वतःच करतील.

लाजेवर मात्र उपदेशाचा उपाय चालत नाही. गुरुजींनी स्वतःच एखाद्या दिवशी पोत्याची खोळ घेऊन शाळेत यावे. दाराशी मुलांच्या हातास पोहोचतील अशा खुंट्या ठोकाव्यात आणि छत्री, खोळ, प्लास्टिक सारे एकाच ओळीत टांगू द्यावे. दोनचार जादा खोळी शाळेतच ठेवल्या, तर दुपारनंतर आभाळ फाटले तरी कोणी भिजत घरी जाणार नाही.