ठेका धरणारा माणूस



आजवर आम्हांला व्याख्यानासाठी बोलावणे आले ते बोनस, किमान वेतन, साखर कामगारांचे करार अशा विषयांवर. यंदा चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपविली आणि आम्ही ड्रम वाजविणाऱ्या एका माणसाचे नाव कळविले. युनियनच्या माणसाला संगीतातले काय कळते, असे काहींच्या मनात आले असेल, आणि ते बरोबरच आहे. राग ओळखा म्हणाल तर आम्ही मागच्या दाराने निघून जाऊ. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरल्यामुळे एक गोष्ट थोडीफार समजते. हात कसा चालतो, तो कोठे शिकला, किती वर्षे घासला गेला आणि त्या हाताच्या पदरात शेवटी काय पडले, हे आम्ही पाहत आलो आहोत. आजचा विषय हाताचा आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

ज्या माणसाविषयी बोलायचे त्याचे नाव त्रिलोक गुर्टू. जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९५१. नाव परके वाटेल, पण आजोळ आपल्याला जवळचे आहे. ठुमरीगायिका शोभा गुर्टू या त्यांच्या आई. त्या मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर यांनी अल्लादियाखाँसाहेबांकडे तालीम घेतली होती. अशा घरात मुलगा तबला शिकला यात नवल नाही. नवल पुढे आहे. हा मुलगा रॉक आणि जॅझ या पाश्चात्य संगीताकडे वळला, ड्रमसेट वाजवू लागला, आणि त्याने त्या ड्रमसेटचीच मोडतोड करून नवी मांडणी केली.

ही मोडतोड समजण्यासाठी ड्रमसेट म्हणजे काय, ते आधी पाहू. लग्नाच्या बँडमध्ये तुम्ही पाहिलेच आहे, मोठा ढोल एकाच्या गळ्यात, छोटा ताशासारखा ड्रम दुसऱ्याच्या, आणि झांजा तिसऱ्याच्या हाती. अमेरिकेतही पूर्वी तसेच होते. पुढे नाटकगृहांत जागा कमी, मालकाला खर्चही कमी हवा, म्हणून एकाच माणसाने दोनतीन वाद्ये सांभाळावी असा प्रयत्न सुरू झाला. १९०९ साली विल्यम लुडविग याने मोठा ढोल पायाने वाजविण्याचे चांगले पेडल तयार केले. मग एक माणूस खुर्चीवर बसला, पायाने ढोल, हातांनी ड्रम आणि झांजा वाजवू लागला. आम्हां युनियनवाल्यांच्या डोळ्यांना यात पहिल्यांदा काय दिसते, ते सांगायला नको. तीन माणसांचे काम एकाच्या अंगावर पडले आणि दोघे घरी बसले. मात्र दुसरी बाजूही नाकारता येत नाही. त्या एका माणसाच्या चार हातापायांतून असे काही लयीचे विणकाम निघाले, की जे तिघांकडून कधी निघाले नसते. यंत्र आले की काम जाते आणि नवे कसबही जन्मते. प्रश्न एवढाच असतो, की त्या कसबाचा मोबदला कोणाला मिळतो.

आता गुर्टूंची मांडणी पाहा. त्यांनी ड्रमवाल्याची खुर्ची काढून टाकली. ते जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यावर बसतात. तबलजी जमिनीवर बसतो, म्हणून ड्रमही जमिनीवर आले. भोवती तबला, ड्रम, झांजा, घंटा, शिंपल्यांच्या माळा, आणि चक्क पाण्याची एक बादली. ही बादली पाहून प्रथम लोक हसतात. ते घंटेवर किंवा झांजेवर आघात करतात आणि ती वाजत असतानाच पाण्यात बुडवितात. स्वर घसरत खाली येतो, जणू कोणी हुंकार दिला. यात जादू नाही. धातूला पाणी लगडले की त्याचे कंपन जड होते, मंदावते, आणि स्वर उतरतो.

ही युक्ती सुचली कशी असेल? आम्हांला त्याचे उत्तर डग्ग्यात दिसते. तबलजी डाव्या हाताचे मनगट डग्ग्याच्या कातड्यावर दाबून पुढे सरकवितो, तेव्हा आवाज वर चढतो आणि घुमतो. आपल्या कानाला तालवाद्यानेही गावे असे वाटते. पाश्चात्य झांजेला ते येत नव्हते. पत्रा दाबून वाकत नाही, म्हणून तो बुडविला. हत्यार परके आणि ओढ घरची. कारखान्यात जुना फिटर नव्या मशीनवर गेला की पहिल्या आठवड्यात कोठे तरी तारेचा तुकडा, कोठे फळकूट लावून ते आपल्या हाताजोगते करून घेतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १९५०-६० च्या दशकांत ध्वनिमुद्रणात नवी सोय झाली होती. एकदा वाजविलेल्या भागावर दुसरा भाग चढवायचा, त्यावर तिसरा. ऐकणाऱ्याला सगळे एकदम वाजते आहे असे वाटते. मुंबईत बसून परदेशी तबकड्या ऐकणाऱ्या या मुलाला ही सोय ठाऊकच नव्हती. हे सगळे एकेक माणूस एका दमात वाजवितो अशी त्याची समजूत, म्हणून तो सगळे एकट्याने वाजवायला बसला. पुढे दूरचित्रवाणीवर जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाविषयी बोलताना गुर्टूंनी स्वतःच हे सांगितले. यंत्राने जे तुकड्या-तुकड्यांनी जुळविले होते, ते माणसाने रियाजाच्या बळावर सबंध उभे केले. अर्थात रियाजाला पोटाची चिंता नसलेले तास लागतात, हेही आम्ही येथे नोंदवून ठेवतो. ते तास ज्यांना मिळाले नाहीत, असे किती हात आपण गमावले असतील?

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९७० च्या दशकात गुर्टू युरोपात गेले. चार्ली मारियानो, डॉन चेरी अशा नामवंतांबरोबर त्यांनी वाजविले. ऑरेगॉन नावाच्या वाद्यवृंदातील कॉलिन वॉलकॉट हे १९८४ साली अपघातात गेले, त्यांची जागा पुढे गुर्टूंनी घेतली. १९८८ पासून जॉन मॅकलॉफ्लिन या गिटारवादकाच्या तीन माणसांच्या संचात ते होते. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधला नोव्हेंबर १९८९ चा त्यांचा कार्यक्रम मुद्रित झालेला आहे. तो अवश्य ऐका. कर्नाटकी पद्धतीने तोंडाने बोल म्हणायचे आणि लागलीच ते ड्रमवर उतरवायचे, ही त्यांची रीत पाश्चात्य श्रोत्यांना नवीन होती. आपल्याला ती नवीन नाही. बोल आधी जिभेवर बसतो आणि मग हातात उतरतो, हे आपल्याकडे तबल्याची पहिली शिकवणी घेणाऱ्या पोरालाही ठाऊक असते.

१९८८ साली 'उस्फ्रेट' ही त्यांची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. तीत शोभाताई गायल्या आहेत. तबलजीच्या तबकडीवर साथीला गायिका, आणि ती आई! शंभर वर्षांचा बैठकीचा क्रम येथे उलटा झाला. 'डाऊनबीट' या अमेरिकी नियतकालिकाच्या समीक्षकांनी १९९० च्या दशकात तालवादकांमध्ये त्यांना एकाहून अधिक वेळा पहिला मान दिला. इंग्लंडमध्ये वाढलेली आपल्याकडच्या वंशाची मुले, तल्विन सिंग, नितीन सोनी वगैरे, तबला आणि विजेची वाद्ये एकत्र आणून वाजवू लागली, त्यांच्या वाटेवर 'उस्फ्रेट'चा दगड आधीच रोवलेला होता.

कोणी म्हणेल, ही भेसळ झाली, धड तबला नाही, धड ड्रम नाही. या आक्षेपाला आपल्या भागाचेच उत्तर आहे. बालगंधर्वांचे जन्मगाव नागठाणे. तो मुलूख जुन्या सातारा जिल्ह्यातला. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० पासून तोच सांगली. त्या बालगंधर्वांच्या नाटकमंडळीत मुरादाबादचे उस्ताद अहमदजान थिरकवा साथीला बसत. उत्तरेचा तबला मराठी रंगभूमीवर आला, तेव्हा कोणी भेसळ म्हणाले नाही. लोक रात्र रात्र जागले. तेव्हा भेसळ कोणती आणि मिलाफ कोणता, याची परीक्षा एकच. दोन्हीकडची मेहनत पुरती झाली आहे की नाही? अर्धवट शिकून दोन गोष्टी एकत्र केल्या तर ती भेसळ. गुर्टूंच्या हातात दोन्ही पुरत्या मुरलेल्या आहेत.

आता आम्ही ज्या मुद्द्यासाठी हा विषय घेतला त्यावर येतो. आपल्याकडे वाजविणाऱ्याला काय मान होता? हलगी घ्या. कड्यावर ताणलेले कातडे, ते जाळावर शेकून तापवायचे, एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्यात बारीक लांब काडी. त्या दोन काड्यांत बैलाची मिरवणूक आहे, कुस्तीचा फड आहे, अंत्ययात्राही आहे. पण ती वाजविणारा गावकुसाबाहेरचा. वाजविणे हे त्याचे कसब मानलेच नाही. बलुत्याचे आणि वतनाचे बंधन मानले. वेळी-अवेळी बोलावणे आले की जायचे आणि वाढतील ते घ्यायचे. हलक्या वतनांचा कायदा १९५८ साली झाला आणि ती वतने गेली. पुष्कळांनी त्या बंधनाबरोबर वाद्यही खाली ठेवले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. ज्या कलेला नकार देण्याची मोकळीक नाही ती कला वेठ असते.

तमाशातही तेच. रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्ण कुलकर्ण्यांनी घरदार सोडले, ते पठ्ठे बापूराव झाले. त्यांचे नाव राहिले आणि राहायलाच हवे. परंतु त्यांच्या फडात ढोलकी कोणी वाजविली, हे या सभेत किती जण सांगतील? वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. तेव्हा डफ-ढोलकी गिरणीच्या दारात आली आणि वेठीचे वाद्य हक्काचे वाद्य झाले. आमची चळवळ भाषणांवर जेवढी वाढली, तेवढीच त्या थापेवर वाढली.

आज वरातीत आणि मिरवणुकीत भिंतीएवढे कर्णे लागतात. ताल एका पेटीत भरलेला असतो, बटन दाबले की सुटतो. लुडविगच्या पेडलने तिघांतला एक तरी ठेवला होता. या पेटीने तोही ठेवला नाही. आम्ही यंत्राचे वैरी नाही. यंत्र फोडून कोणाचेही पोट भरलेले नाही. पण ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती जरी नीट पाळली, तरी हलगीवाल्याला आणि बँडवाल्याला पुष्कळ काम परत मिळेल, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना झोप.

त्रिलोक गुर्टू एका गायिकेच्या घरी जन्मले, त्यांना तालीम मिळाली, जग पाहायला मिळाले. त्यांचे कर्तृत्व त्यामुळे उणे होत नाही. परंतु मागे बसून ठेका धरणारा माणूस पुढे आला तर काय करू शकतो, हे त्यांनी दाखविले. मग जे आपल्या दारात वाजवितात त्यांच्यासाठी आपण काय करणार?

आम्ही तीनच गोष्टी मागतो, आणि त्या मागताना युनियनची सवय म्हणून क्रमवार मागतो. पहिली, या दोन्ही जिल्ह्यांत जेथे जेथे गाण्याचा वा तमाशाचा कार्यक्रम होईल, तेथे पत्रिकेवर मुख्य कलावंताच्या खाली साथीदारांची पूर्ण नावे छापावी. "तबला व पेटी साथ" एवढ्यावर भागवू नये. दुसरी, साथीदाराचे मानधन आधी ठरवावे आणि कार्यक्रम उठण्यापूर्वी त्याच्या हाती द्यावे. तिसरी मागणी या व्याख्यानमालेच्या चालकांकडे. पुढच्या वसंतात एक संध्याकाळ हलगी, संबळ आणि ढोलकी वाजविणाऱ्यांना द्यावी. त्यांनी आधी वाजवावे आणि मग याच ध्वनिक्षेपकासमोर बसून, आपला हात कसा चालतो ते आपल्या तोंडाने सांगावे. त्या दिवशी आम्ही खाली, पहिल्या रांगेत नव्हे, मागे सतरंजीवर बसू.